वन्स मोअर नको

‘आवाज गेलाय. आता थांबायला हवं त्यानं.’

नोव्हेंबर २०२४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या पायऱ्या उतरताना माझ्या पुढे चाललेले दोन गृहस्थ इंग्रजीत बोलत होते, त्याचं हे मराठी. दोघंही साधारण माझ्याच वयाचे, म्हणजे सत्तरीला टेकलेले. दुसऱ्याची तक्रार थोडी वेगळी होती. अर्धं गाणं होईपर्यंत गाणं कोणतं तेच कळत नाही, आणि जी ऐकायला आलो ती तर त्यानं गायलीच नाहीत, असं तो म्हणत होता. आत नुकताच त्र्याऐंशी वर्षांचा बॉब डिलन सतरा गाणी गाऊन गेला होता. त्यांत ‘ब्लोइन इन द विंड’ नव्हतं, ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ नव्हतं.

हा लेख मी त्या दोघांशी भांडण्यासाठी लिहितो आहे. तिथल्या तिथे भांडलो नाही, कारण पहिलं वाक्य माझ्या ओळखीचं होतं. पंधरा वर्षांपूर्वी तेच वाक्य मी स्वतः उच्चारलं होतं, दुसऱ्या एका म्हाताऱ्या गायकाला. त्याविषयी शेवटी सांगेन. आधी त्या दोघांचं प्रकरण निकालात काढू.

काय घडलं ते सांगतो. तिकिटं मुलीनं काढली होती. ती लंडनला नोकरी करते. दारातच प्रत्येकाचा फोन एका पिशवीत घालून पिशवीला कुलूप लावून पिशवी परत हातात दिली. आत मोठे पडदे नव्हते, डोळे दिपवणारी रोषणाई नव्हती. पिवळट, मंद उजेडात एक म्हातारा पियानोमागे बसला होता आणि मधूनच उभा राहत होता. ड्रमवर जिम केल्टनर, तोही ब्याऐंशीचा. बेस गिटारवर टोनी गार्नियर, जो १९८९ पासून त्याच्या मागे उभा आहे. सतरापैकी नऊ गाणी २०२० साली आलेल्या ‘रफ अँड राउडी वेज’ या अल्बममधली होती, म्हणजे गायकानं ती ऐंशीला टेकताना बाहेर आणलेली. उरलेल्यांत काही साठीच्या दशकातली होती, पण त्यांचा ठेका बदललेला, चाल बदललेली, दोन ओळींमधली जागाही बदललेली.

आवाजाबद्दल खोटं बोलणार नाही. वरचे सूर गेलेले आहेत. खर्जात खरखर आहे. एक ओळ तो सुरू करायचा, मध्येच सोडायचा, उरलेले शब्द पुढच्या मात्रांत घाईनं बसवायचा. पुढच्या ओळीला एकच शब्द बराच वेळ हातात धरून बसायचा. पहिली दोन गाणी मलाही जड गेली. माझ्या डोक्यात १९७५ सालची बडोद्याच्या वसतिगृहातली रेकॉर्ड वाजत होती आणि समोरचा माणूस तिच्याशी जुळत नव्हता. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला माझ्या लक्षात आलं की जुळवायचं काम मीच करतो आहे. ते सोडून दिलं आणि मग ऐकू येऊ लागलं.

‘डेसोलेशन रो’ हे १९६५ चं गाणं त्या रात्री झालं. रेकॉर्डवर ते अकरा मिनिटांचं आहे आणि गाणारा चोवीस वर्षांचा आहे. तो जगाची गंमत बघतो आहे. विदूषक, बदमाश, विद्वान रांगेनं त्याच्यापुढून जाताहेत आणि तो लांब उभा राहून बोट दाखवतो आहे. त्या रात्री तेच शब्द म्हणणारा माणूस लांब उभा नव्हता. त्या रांगेतल्या बहुतेकांना पोचवून आलेला होता. शब्द तेच होते, फक्त म्हणणाऱ्यानं आयुष्य काढलं होतं. हा फरक चोवीस वर्षांच्या गळ्याला कितीही पैसे दिले तरी काढून दाखवता येणार नाही.

‘आवाज गेलाय’ या आरोपाचा इतिहासही बघण्यासारखा आहे. डिलननं आपला पहिला अल्बम नोव्हेंबर १९६१ मध्ये ध्वनिमुद्रित केला. वय वर्षं वीस. त्यात मरणाची, कबरीची गाणी आहेत आणि तो ती जुन्या ब्लूज गायकांसारखा घोगरा आवाज काढून म्हणतो. विशीतलं पोर म्हाताऱ्याचं सोंग घेत होतं. तेव्हाही लोक म्हणतच होते की याला गळा नाही. बरोबर त्रेसष्ट वर्षांनी, दुसऱ्या एका नोव्हेंबरात, तो खरोखरच म्हातारा होऊन आमच्यासमोर आला. आता सोंग घ्यायची गरज उरली नाही, तर आम्ही म्हणतो, अरेरे, आवाज गेला!

ज्यांची तो नक्कल करत होता त्यांचंही ऐका. मिसिसिपी जॉन हर्ट या गायकाची ध्वनिमुद्रणं १९२८ सालची. पुढे पस्तीस वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. १९६३ मध्ये काही तरुण हौशी लोकांनी त्याला त्याच्या गावात शोधून काढलं आणि सत्तरीच्या घरातला हा माणूस न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात जाऊन गायला. त्या वेळी ‘आवाज गेलाय, थांब’ असं कुणी म्हटलं नाही. उलट त्याचं वय हीच त्याच्या गाण्याची साक्ष मानली गेली. म्हणजे परक्या, गरीब, काळ्या म्हाताऱ्याचा फाटका आवाज अस्सल ठरतो. आपल्या तारुण्यात आपल्या भिंतीवर ज्याचं पोस्टर होतं त्याचा आवाज फाटला की मात्र फसवणूक झाल्यासारखं वाटतं. तक्रार गायकाच्या वयाबद्दल नसतेच. तो म्हातारा दिसला की आपलंही वय दिसतं, याबद्दल असते.

आणि ‘ओळखीचं गायला नाही’ ही दुसरी तक्रार तर वयाशीसुद्धा बांधलेली नाही. १७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलननं विजेची गिटार हातात घेतल्यावर प्रेक्षकांतून एकानं ‘जुडास’ असं ओरडून त्याला विश्वासघातकी ठरवलं. तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता. गंमत म्हणजे त्या कार्यक्रमाच्या चोरट्या रेकॉर्डी पुढे कित्येक वर्षं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ या चुकीच्या नावानंच फिरत राहिल्या. १९९८ मध्ये अधिकृत आवृत्ती निघाली, तीसुद्धा ते चुकीचं नाव अवतरणचिन्हांत टाकून. ती हाक त्या सभागृहाची नव्हती, तरी तिथेच नोंदली गेली. आणि अठ्ठावन्न वर्षांनी मी ती त्याच पायऱ्यांवर, सभ्य आवाजात, पुन्हा ऐकली. १९६६ च्या प्रेक्षकाला १९६३ चा डिलन हवा होता. २०२४ च्या प्रेक्षकाला १९६६ चा हवा आहे. प्रत्येकाला आधीचा हवा असतो.

ज्यांना आधीचाच हवा आहे त्यांची सोय आता उत्तम झालेली आहे, हेही सांगून टाकतो. १९६६ चाच कार्यक्रम हवा असेल, तर कॅट पॉवर या गायिकेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये, याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, तो गाण्यामागून गाणं तसा गाऊन दाखवला. त्याचा अल्बमही निघाला आहे. त्याहून पुढे जायचं असेल तर लंडनच्या पूर्व भागात मे २०२२ पासून ‘ॲबा व्हॉएज’ चालू आहे. स्वीडनच्या त्या चौघांनी सत्तरीत अंगाला यंत्रं बांधून हालचाली करून दिल्या आणि त्यांवरून त्यांच्या १९७९ सालच्या रूपाची प्रकाशचित्रं रोज रंगमंचावर नाचतात. ती दमत नाहीत, बेसूर होत नाहीत, म्हातारी होत नाहीत. आपल्याकडे ए. आर. रहमाननं ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी, कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि त्यांना मोबदला देऊन, दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेनं पुन्हा उभे केले. मी या कशावर बंदी मागत नाही. पण दिशा ओळखा. न बदलणारा गायक हवा असेल, तर तो जिवंत नसणं हेच सोयीचं. जिवंत माणसाकडून तीच अपेक्षा ठेवून वर त्यालाच ‘थांब’ म्हणणं, याला माझा विरोध आहे.

म्हाताऱ्या रॉक गायकाबद्दल आपल्याजवळ दोनच वाक्यं असतात. एक, ‘थांबायला हवं’. दुसरं, ‘बघा, अजून कसा तरुण आहे!’ मिक जॅगर ऐंशीव्या वर्षी रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो तेव्हा हे दुसरं वाक्य उच्चारलं जातं. रोलिंग स्टोन्सच्या २०२४ च्या अमेरिकी दौऱ्याला पन्नाशीपुढच्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं प्रायोजित केलं होतं, यावर पुष्कळ विनोद झाले. जॅगरच्या तब्येतीचं मलाही कौतुक आहे. पण या स्तुतीत त्याच्या गाण्याबद्दल एक अक्षर नाही. तो म्हातारा झाला नाही एवढंच तिचं म्हणणं. दोन्ही वाक्यांचा पाया एकच : म्हातारपण हा दोष आहे; कुणी तो लपवू शकतो, कुणी नाही. म्हातारपणाला काही सांगायचं असू शकेल, ते तरुणपणी सांगता आलं नसतं, ही शक्यता दोन्ही वाक्यांत नाही.

खरं तर आपल्याला, म्हणजे या देशात गाणं ऐकत वाढलेल्यांना, हे समजावून सांगावं लागू नये. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयानं निकामी केलं होतं. त्यांच्या छोट्या, झेपेसारख्या तानांना आपण उणीव म्हणत नाही, शैली म्हणतो. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषी, भरदार झाला. तोच आवाज त्यांची ओळख ठरला. मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या उंबरठ्यावर गायले आणि जाणकार त्या मैफलींच्या आठवणी अजून काढतात. तीच बंदीश कालच्यासारखी आज गायली, तर बैठकीतला जुना श्रोता चुळबुळ करतो. वारकऱ्यांत एकाच अभंगाला गावोगावी वेगळी चाल असते आणि ‘मूळ चाल लावा’ असं कुणी विणेकऱ्याला दरडावत नाही. शिलाँगमध्ये लू माजाव १९७२ पासून दरवर्षी २४ मे या दिवशी डिलनचा वाढदिवस त्याची गाणी गाऊन साजरा करत आला आहे. आता त्याचेही केस पांढरे झाले, गाणीही त्याच्याबरोबर वाढली.

पण आपल्याच घरात दुसरी सवयही आहे, आणि तिचं नाव ‘वन्स मोअर’. संगीत नाटकांच्या काळात या दोन शब्दांनी रात्रीची पहाट होत असे. चांगला गायक नट वन्स मोअरला तेच पद नव्या हरकतींनी खुलवायचा, म्हणून ती मागणी तेव्हा जिवंत होती. पुढे रेकॉर्ड आली, रेडिओ आला, कॅसेट आली आणि ‘पुन्हा गा’ याचा अर्थ ‘हुबेहूब तसंच गा’ असा झाला. आज वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत आणि टीव्हीवरच्या स्पर्धांत बारा वर्षांच्या पोरांना जुन्या गाण्यातला श्वाससुद्धा जिथल्या तिथे घेतल्याबद्दल टाळ्या मिळतात. ख्याल ऐकणारा तोच माणूस दुसऱ्या संध्याकाळी तिकीट काढून प्रतिध्वनी ऐकायला जातो.

या मासिकाचे वाचक तर दोन-तीन भाषांत वावरणारे. डिलनला २०१६ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी वाद घातला की गाण्याचे शब्द कागदावर कविता म्हणून टिकतात का. दोन्ही बाजूंनी कागद हीच अंतिम जागा धरून चालले होते. मला वाटतं, अनुवाद करणाऱ्यांना हे जास्त लवकर कळावं. एकाच कवितेचा पंधरा वर्षांनी पुन्हा अनुवाद करायला बसलो की शब्द बदलतात. कविता तीच असते, आपण बदललेले असतो. दुसऱ्या अनुवादाला कुणी पहिल्याचा विश्वासघात म्हणत नाही. डिलन गेली साठ वर्षं स्वतःचाच अनुवाद करतो आहे. मूळ संहिता घरी रेकॉर्डवर आहेच. ती ऐकायला कुणी बंदी घातलेली नाही.

आता समोरच्या बाजूचे खरे मुद्दे. तिकीट महाग असतं, हे खरं. माणूस वर्षभर पैसे बाजूला टाकतो आणि त्याला त्याच्या आयुष्याशी बांधलेलं एखादं गाणं एकदा प्रत्यक्ष ऐकायचं असतं. ही इच्छा हलकी नाही आणि मी तिला हसत नाही. पण तिकिटावर गाण्यांची यादी छापलेली नसते. आपण गायकाच्या त्या रात्रीचे पैसे भरतो, आपल्या तारुण्याच्या परतीचे नव्हे. दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. काही म्हाताऱ्या कलावंतांना पैशासाठी, हट्टासाठी किंवा भोवतालच्या लोकांच्या पोटासाठी रंगमंचावर ओढून आणलं जातं. शब्द आठवत नाहीत, मागून ध्वनिफीत वाजते आणि हे ओठ हलवतात. ते बघवत नाही. पण नीट बघा, ही फसवणूक नेमकी कुणासाठी चाललेली असते? जुनंच हवं म्हणणाऱ्यांसाठी. पट्टी खाली आणून, चाल बदलून, ताकद पुरेल तेवढंच आजचं गाणं गाण्याची मुभा असती, तर त्या ध्वनिफितीची गरज पडली नसती. आणि थांबायचं कधी, हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्याचा गळा त्याचा.

आता ते पंधरा वर्षांपूर्वीचं.

माझे वडील इस्लामपूरला शाळामास्तर होते. विठ्ठलमंदिरात भजनाला तेच पुढे असायचे. भरात असताना पांढरी चारमध्ये गायचे, रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. १९८३ च्या आषाढी एकादशीला मी बडोद्याहून नवा टेपरेकॉर्डर घेऊन गेलो आणि त्यांचं गाणं टेप केलं. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते.

२००९ च्या आषाढीला ते ऐंशीचे होते आणि मी चोपन्नचा. मधल्या काळात पट्टी काळी एकवर आली होती. श्वास पुरत नव्हता. एक चरण म्हणून ते थांबायचे, टाळ तसेच चालू राहायचे आणि मग केव्हातरी ते पुढचा चरण उचलायचे. पोरं एकमेकांकडे बघायची. मला ते सहन होईना. त्यांच्यासाठी सहन होत नाही असं मी स्वतःला सांगत होतो. संध्याकाळी देवळात जाण्याआधी मी म्हणालो, ‘अण्णा, आवाज गेलाय आता. तुम्ही बसून ऐका. आपण तुमची कॅसेट लावू.’

ते काही बोलले नाहीत. देवळात खांबाला टेकून बसले. कर्ण्यावरून १९८३ चा आवाज गावभर गेला आणि लोक खूश झाले. ‘काय गळा होता मास्तरांचा!’ असं त्यांच्या देखतच म्हणाले, ‘होता’ असं. अण्णा मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत होते. मध्येच बोटं थांबली. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘गळा चांगला आहे. घाई फार करतोय.’

मी हसलो. विनोद वाटला मला. त्यानंतर ते देवळात गायले नाहीत. कुणी आग्रहही केला नाही, कारण कॅसेट होती. पुढच्याच्या पुढच्या वर्षी गेले.

अल्बर्ट हॉलमध्ये डिलननं शेवटचं गाणं घेतलं, १९८१ सालचं ‘एव्हरी ग्रेन ऑफ सँड’. दोन ओळींमध्ये तो इतका थांबायचा की आता विसरला असं वाटावं. विसरलेला नव्हता. मग तोंडाला हार्मोनिका लावली. त्या थांबण्यात मला अण्णांचं थांबणं आठवलं. चरण म्हणून झाल्यावर टाळ नुसते चालू असायचे, तेव्हा ते श्वास गोळा करत होते हे खरंच. पण म्हटलेला चरण खाली बसू देत होते, हेही खरं असावं. घाई संपलेला माणूस तो अभंग कसा म्हणतो हे ते आम्हाला दाखवत होते आणि मी मध्ये कॅसेट लावली. ती अजून माझ्याकडे आहे, मुलीनं ती संगणकावर घेऊन दिली आहे. तिच्यात चोपन्न वर्षांचा घाई करणारा माणूस आहे. ऐंशी वर्षांचा कुठेच नाही. ऐकायला लोक हजर होते, गायला तो हजर होता, आणि माझ्यामुळे ते गाणं झालं नाही.

पायऱ्यांवरचे ते दोघे स्टेशनच्या दिशेनं गेले. मुलीनं विचारलं, ‘बाबा, तुला आवडलं का रे? खरं सांग.’ मी म्हटलं, ‘घाई नव्हती त्याला.’ तिला ते कळलं नाही. घरी जाईपर्यंत वरची सगळी हकिगत तिला सांगितली.

येत्या गणपतीत, एकादशीला, कुणाच्या साठीला-पंचाहत्तरीला तुमच्याही घरात एखादा म्हातारा गळा खाकरून बसेल. पट्टी खाली आलेली असेल, कडवी आठवायला वेळ लागेल. त्याला जुनं रेकॉर्डिंग ऐकवू नका. ‘ते तुमचं फेमस गाणं म्हणा’ असंही म्हणू नका. बैठकीत म्हणतात तेवढंच म्हणा, ‘पुढचं होऊ द्या.’ आणि तो थांबला, तर तुम्हीही थांबा.